न्हाय म्हणजे नाहीच

आमच्या हाटकेश भागातल्या बिल्डिंगमधल्या आंटी मूळच्या उत्तनजवळच्या चौक गावच्या. ऑपरेशन करून कानात इम्प्लांट बसवलंय, कानामागे त्याचं मशीन. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींचं भाषण सुरू झालं की त्या मशीन काढून सरळ पर्समध्ये टाकतात.

त्यांची श्रवणचाचणी घरीच फोनवर होते. फोन शब्द म्हणतो, आंटी तो परत म्हणतात, मार्क हॉस्पिटलला जातात. मार्क कमी आले, म्हणून हॉस्पिटलनं मशीनचं सेटिंग बदलायचं ठरवलं. आंटी भडकल्या. याच सेटिंगवर त्यांना लेकीचं फोनवरचं बोलणं कळायला लागलं होतं.

मी शेजारी बसून चाचणी पाहिली. फोन म्हणाला, "नाही." आंटी म्हणाल्या, "न्हाय." लाल फुली! "आहे." "हाय." पुन्हा फुली!

माझं डोकंच फिरलं. बाईला ऐकू येतंय चोख, आणि नापास का, तर गावची भाषा बोलते म्हणून? मी तिथेच निवेदन लिहायला घेतलं.

"ठेव गो तुझा कागद. चल माझ्यासंगती."

हॉस्पिटलात त्यांनी कान तपासणाऱ्या मॅडमना, ओठ दिसू नयेत म्हणून, तोंडासमोर फाईल धरायला लावली. "आता बोल, बाय."

फाईलआडून मॅडम म्हणाल्या, "घरात पाणी नाही."

"घरान पानी न्हाय."

"मासे ताजे आहेत."

"ताजे हायत. पन तुला देनार न्हाय."

मॅडमना हसू आवरेना. सेटिंग तसंच राहिलं आणि आंटींची उत्तरं यापुढे मॅडम स्वतः ऐकून तपासणार, असं ठरलं.

"आनि त्या फोनाला चार दिस आमच्या चौकला धाड," आंटी उठता उठता म्हणाल्या. "शिकंल तो पन."