आधी नाव वाचा

सुभेदारांनी गिऱ्हाइकाच्या हातात भांडं कधी नुसतं दिलं नाही. आधी त्याच्यावरचं नाव वाचायचं. तेही पुटपुटून नाही, परेडला हजेरी घेतात तसं खणखणीत. "सौ. अनुसया हीस, मामाकडून, लग्नात भेट!" मग भांडं पुढं करून म्हणायचं, "आता तुमी वाचा." गिऱ्हाईक बिचारं गोंधळायचं. कुणी हसायचं, कुणी नवऱ्याकडं बघायचं, कुणाला ती ठिपक्याठिपक्यांची जुनी अक्षरं लागायचीच नाहीत. पण वाचल्याशिवाय सुटका नव्हती. "कुनाच्या घरातनं आलं ते ठावं आसूं द्या. मंग खुशाल न्या," असं म्हणून ते भांडं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे.

साताऱ्याच्या रविवारच्या जुन्या बाजारात माझी जागा त्यांच्या शेजारी. मी माधवनगरची. आमच्या ह्यांची गिरणी बंद पडली, पुढं हेही गेले, आणि मी घरातल्या चिनीमातीच्या बरण्या विकता विकता लोकांच्या घरातल्या बरण्या विकायला लागले. सांगलीहून आम्ही चार-पाच जण एकाच टेम्पोत माल घालून येतो. बरण्या, कंदील, फिरकीचे तांबे, मुके झालेले रेडिओ. हल्ली या सगळ्याला व्हिंटेज म्हणतात. लोणच्याची बरणी फुटली म्हणून आमच्या सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला होता, आणि आता तसलीच बरणी लोक टेबलावर वाळक्या गवताच्या काड्या खोवायला नेतात. कपाळ माझं! पण त्याच काड्यांवर माझी चूल पेटते, तेव्हा मी तोंड मिटून बरणी पुसते.

सुभेदारांकडं फक्त तांब्या-पितळेची भांडी. काळ्या लष्करी पेटीवर ताठ बसायचे, पाठ कशाला टेकलेली मी कधी पाहिली नाही. पायात पॉलिश केलेले बूट, समोर पोत्यावर रांगेत कळशा, हंडे, डबे. रांगसुद्धा अशी सरळ, की पोरगं धावत गेलं आणि एक तांब्या जरा तिरका झाला तर हे उठून नीट करणार. भांडी चिंचेनं घासायचे. नावाची जागा मात्र कोरड्या फडक्यानं, हलक्या हातानं. पलीकडचा दुकानदार मशीन लावून नावं घासून गुळगुळीत करून द्यायचा, कारण बंगलेवाल्यांना दुसऱ्याचं नाव नको असतं. त्याचा माल भराभर जायचा आणि सुभेदारांचा पडून राहायचा. कुणी नाव काढून मागितलं की यांचं उत्तर ठरलेलं, "नाव घालवायचं आसंल तर पलीकडं जावा. हितं न्हाई."

मी एकदा फटकारलंच. "अहो सुभेदार, धंद्याला बसलाय की देवळात?" ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, फौजेत गडी मेला तरी त्येचं नाव आदी वाचत्यात. मंग बाकीचं." मी पुन्हा बरण्या पुसायला घेतल्या.

मूलबाळ नव्हतं. सातारला एका खोलीत एकटेच राहायचे. दुपारी आम्ही बायका भाकरीची फडकी सोडून एकमेकींच्या डब्यात हात घालायचो, तेव्हा हे पेटीवर पाठमोरे बसून आपली चपाती-भाजी खायचे. मी बळंच ठेचा वाढायचे. "लय झालं, लय झालं," म्हणायचे आणि चाटूनपुसून संपवायचे. एकदा सहज विचारलं, आठवडाभर काय करता? म्हणाले, "सा दिस भितीसंगं बोलतो. भित बी आता कट्टाळली." स्वतःच मोठ्यानं हसले. मला नाही हसू आलं. माझीही भिंत मला ठाऊक आहे.

ते या बाजारात आले ते धंद्यासाठी नव्हेच. कोरेगावकडच्या खेड्यातलं त्यांचं घर. लग्न झालं आणि रजा संपली म्हणून लगेच पलटणीत परतले. मग वर्षाकाठी जी काही रजा मिळायची तेवढाच संसार. बायको छातीच्या दुखण्यानं गेली तेव्हा हे बर्फात होते, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. निवृत्त होऊन घरी आले तर जुन्या घराच्या जागी भावानं स्लॅबचं घर बांधलेलं, आणि माळ्यावरची सगळी पितळ मोडीत घालून स्टील घेतलेलं. वजनावर. त्या मोडीत तिची माहेरची कळशी गेली. "रजेवर आलो की ती हिरीवरनं यायची ताई, कमरंवर ती कळशी. मला बघून पदर सारका करायला जायची आन् पानी सांडायची. तेवडंच माज्यापाशी हाय बगा." तिचं लुगडं नाही, फोटो नाही, काही नाही. म्हणून सुभेदार मोडवाल्यांच्या ढिगात हात घालत होते. ती एक कळशी पाहिजे होती. बाकीची भांडी घ्यावी लागायची म्हणून घ्यायचे, आणि घेतलेली विकावी लागायची म्हणून विकायचे.

"ओळखणार कशी?" मी विचारलं. "पोचा वगैरे आहे का?"

"पोचा सगळ्याच कळशास्नी आस्तो. वळख नावावरनंच."

"काय नाव?"

यांनी इकडंतिकडं बघितलं. मग समोरच्या हंड्यावरच्या धुळीत बोटानं लिहिलं, सौ. सुमन. तोंडानं उच्चारलं नाही. त्यांच्या पिढीत बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. 'अगं' म्हटलं की झालं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवलं तर म्हणे "गाडी चुकंल" म्हणून सुटले होते. पलटणीच्या कागदांवर लिहिलं, पण जिभेवर नाही. आता ती जाऊन इतकी वर्षं झाली, पण लाजणं तसंच.

ही गोष्ट बाजारात पसरायला कितीसा वेळ? सुमन नावाचं भांडं कुणाकडं आलं की पार टोकापासून हाक यायची, "सुभेदाऽऽर, सुमन आली!" आणि हे पेटीवरून उठून बूट वाजवत जवळजवळ धावतच जायचे. आम्ही बायका चिडवायचो, "बघा बघा, नवरदेव निघाले." परत येताना चाल सावकाश. भांडं दुसऱ्याच कुणाच्या सुमनचं निघालेलं असायचं, आडनाव वेगळं, गाव वेगळं. एकदा नुसतं 'सौ. सुमन' एवढंच कोरलेला डबा सापडला. डबा, कळशी नव्हे. तरी खोलीवर घेऊन गेले. पुढच्या रविवारी परत रांगेत मांडला. "दुसऱ्याची हाय ताई. घरात बरं न्हाई वाटत." तो डबा विकताना मात्र त्यांनी मला हाक मारली. "एवडं तुमी वाचा." मी वाचलं, सौ. सुमन. हे तोवर दुसरीकडं बघत उभे.

संक्रांतीच्या आधीचा रविवार. महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची गर्दी. एक तरुण बाई उतरली, रांगेतली एक लहानशी कळशी उचलून हरखली. "किती गोड! नावाखाली फूल आहे बघ!" तिला ती गॅलरीत झाड लावायला हवी होती. रस्त्यात गाडी उभी करून नवरा हॉर्नवर हॉर्न देत होता. सुभेदारांनी एका दमात वाचलं, "चि. चंपा, हं, आता तुमी वाचा." तिनंही घाईघाईत वाचलं. फोनवर पैसे देऊ का म्हणाली. सुभेदारांना ते चालत नसे. नोटा ठेवून पळाली. मी बरण्यांवरून मान वर केली आणि पुन्हा कामाला लागले. दर रविवारी असं कितीतरी जात होतं.

उन्हाळ्यात सुभेदारांची थोरली मेहुणी डोळे दाखवायला साताऱ्याला आली होती. मुलगा तिला बाजारात घेऊन आला. पिकली बाई, कपाळावर गोंदण, बोलणं तोंडावर. सुभेदार उठून उभे राहिले, पेटीवर फडकं अंथरून तिला बसवलं, चहा मागवला. म्हातारीनं भांड्यांकडं बघून विचारलं, "दाजी, ह्यो काय उद्योग मांडलाय?" त्यांनी मान खाली घालून सांगितलं. तिच्या कळशीचं, सौ. सुमनचं.

म्हातारीनं बशी खाली ठेवली. "आवं, सुमन कुठनं आसंल? सुमन नाव लगनात तुमच्या घरात ठिवलं, ताटातल्या तांदळावर लिवून. आमच्या आबानं कळशी आणलीती लगनाच्या आदी. माजी आन् तिची संगंच नाव घालून आणली. माजीवर चि. तारा, तिच्यावर चि. चंपा. नाव घालणाऱ्यानं हौसंनं खाली फूल बी काडलं हुतं. माजी अजून हाय की घरात."

मी बघत होते सुभेदारांकडं. भांडं पुसता पुसता त्यांचा हात तिथंच राहिला. सासरी आल्यावर तिला चंपा म्हणायला कोण होतं? लग्नाच्या बोलणीत कधीतरी कानावर पडलं असेल, पण मग घर सुमन म्हणायचं, कागद सुमन म्हणायचे, आणि हे तर काहीच म्हणायचे नाहीत. इतकी वर्षं ते सासरचं नाव शोधत बसले, आणि कळशीवर होतं माहेरचं. अगोबाई, असं कुणाच्या ध्यानात तरी येईल का? मला आलं नव्हतं, आणि माझंही नाव लग्नात बदललेलंच आहे.

मेहुणी गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "ताई, ती झाडवाली." मी म्हटलं, "हो सुभेदार." ती बाई कुठली, गाडी कुठली, कुणाला ठाऊक? त्यानंतर कितीतरी रविवार ते रस्त्याकडं तोंड करून बसले. गाडी थांबली की उठायचे. ती काही परत आली नाही. "सुभेदार, सुमन आली" ही हाक बाजारातून आपोआप बंद झाली. नवा माल आला तरी ते भांडी उलटीपालटी करून बघेनात. रांग पहिल्यांदा वाकडी दिसली.

गणपतीच्या आधी, ऊन कलल्यावर, बाजार विरळ झाला होता. सुभेदार पेटी ओढून माझ्या बरण्यांजवळ आले. आधी कधी असे आले नव्हते.

"ताई, ती कळशी दिली तवा तुमी शेजारीच हुता न्हवं?"

"होते की."

"म्या कसं वाचलं वो?"

मला कळेना. "कसं म्हणजे?"

"न्हाई... उभ्या जल्मात त्येवडंच एकदा घेतलं न्हवं म्या तिचं नाव. तवा ध्यान न्हवतं. तुमी आयकलं आसंल म्हनून इचारतो."

माझ्या डोळ्यांपुढं तो हॉर्न, ती घाई, ते एका दमात उडवलेलं "चि. चंपा, हं". हातातली बरणी खाली ठेवून मी म्हटलं, "सावकाश वाचलंत, सुभेदार. एकेक अक्षर. फुलावर बोटसुद्धा ठेवलंत."

त्यांनी आपल्या बोटाकडं पाहिलं. "व्हय? मंग आयकलं आसंल तिनं."

मी साफ खोटं बोलले आणि मला त्याचं काही वाटत नाही. तसाच प्रसंग आला तर पुन्हा बोलेन.

दिवाळीनंतर ते आले नाहीत. दुसऱ्या रविवारी चहावाल्यानं सांगितलं, मधल्या आठवड्यात झोपेतच गेले, शेजाऱ्यांना दुपारी कळलं. मी बरण्या तशाच मैत्रिणीवर टाकून रिक्षा केली आणि त्यांच्या खोलीवर गेले. गावाकडून पुतणे आले होते. दारात मोडवाल्याचा टेम्पो, काटा लावलेला, आणि पितळ धडाधड पाटीत पडत होती. मी म्हटलं, "अरे, नावं तरी वाचा रे!" धाकटा पुतण्या वाईट नव्हता, दमला होता. म्हणाला, "मावशी, वजनावर चाललंय. त्यात नावाचं काय?"

मग मीच काट्याजवळ उभी राहिले. प्रत्येक भांडं पाटीत पडायच्या आधी हातात घेतलं आणि वाचलं. सौ. गोदावरी. चि. सौ. इंदू हीस आत्याकडून. कै. रखमाबाई यांचे स्मरणार्थ. मोडवाला वैतागला, पण लुगड्यातल्या म्हातारीला कोण बोलणार? सुभेदार वाचायचे तसा माझा आवाज खणखणीत नाही. मधेच चिरकायचा. पण घाई केली नाही.

शेवटी काळी पेटी राहिली. पुतण्या म्हणाला, "हीपण लोखंडात जाऊ द्या?" म्हटलं, "थांब जरा." झाकणावरचा पांढरा रंग उडाला होता, नंबर गेला होता, एवढंच शिल्लक होतं : गणपत. आमच्या बाजारात त्यांना नावानं हाक कुणीच मारली नव्हती, मीसुद्धा नाही. मी झाकणावर बोट ठेवून ते सावकाश वाचलं, आणि त्याला लागूनच चंपाचंही नाव घेतलं.