दोराच्या दोन बाजू

देवीवर माझा विश्वास नव्हता, आणि स्वतःवरही फारसा नव्हता. पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगत असे, दुसरी कुणालाच नाही.

ऐंशी सालानंतरच्या एका उन्हाळ्यात आमच्या नाशिकच्या गिर्यारोहण मंडळाने गढवालातलं एक हिमशिखर चढायचं ठरवलं. निरोप समारंभात पाहुण्यांनी भाषणात हिमालयाला आमच्यापुढे झुकायला लावलं आणि मला हार घातला. दोरावरचा माझा जोडीदार सोमा, मी शिकवत असे त्या शाळेतला शिपाई, मूळचा सुरगाण्याचा. तो तेव्हा मागे खुर्च्या मांडत होता. आईने सप्तशृंगीच्या नावाचा नारळ दिला, शिखरावर फोडायला. उगाच ओझं, असं कुरकुरत मी तो सॅकमध्ये टाकला.

खरी धास्ती वेगळीच होती. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की बर्फाच्या अरुंद धारेवर एका दोराला बांधलेल्या दोघांपैकी एक जण डावीकडे घसरला तर दुसऱ्याने त्याच क्षणी उजवीकडे उडी टाकायची. दोर धारेवर अडकतो, दोघे वाचतात. विचार करत राहिलात तर दोघेही जातात. मी तर आयुष्यभर विचारच करत आलो होतो. तंबूत, वाटेत, चहाचा घोट घेताना एकच प्रश्न डोकं खायचा, आपण उडी टाकू का? शेवटी सोमालाच विचारलं. "टाकाल की, सर," तो बूट बांधता बांधता म्हणाला. इतक्या सहज, की मला त्याचा रागच आला.

शिखराखालची धार उभी आणि सुरीसारखी होती. सोमा पुढे होता. सकाळच्या उन्हात त्याच्या बुटाखालचा बर्फ तुटला आणि तो डावीकडे दिसेनासा झाला.

पुढचं मला आठवत नाही. मी उजवीकडे लोंबकळत होतो, कमरेला दोर काचत होता आणि तोंडात 'आई' हा शब्द होता. घरातली की गडावरची, ते आजही सांगता येणार नाही. पलीकडून आवाज नव्हता. मी कुणाकडे ते न ठरवताच सोमाला मागत राहिलो.

मग दोराला हिसका बसला.

"सर, हाय ना?"

"आहे."

"मग चढा. दोघं संगंच."

धारेवर चढून आम्ही समोरासमोर बसलो. शिखर अजून वर होतं. मी सॅकमधून नारळ काढला, तसा सोमा म्हणाला, "हितंच फोडा. भेटायची ती हितं भेटली."

आतलं पाणी गोठलं होतं. तो बर्फ चोखत आम्ही खाली उतरलो.

सत्कारात पाहुण्यांनी भाषणात आम्हाला शिखरावर पोचवलंच. मी उठून खरं ते सांगितलं, तर सभा जरा हिरमुसली. उडी मी टाकली, असं सोमा म्हणतो. मला एवढंच कळतं, की नेहमी अडवणारा मी तेव्हा बाजूला झालो होतो, आणि ते माझ्या हातचं नव्हतं. अजूनही गडावर गेलो की हात जोडावेत की नाही, याचा विचार सुरू होतो. तो संपायच्या आत ते जोडलेले असतात.