जेवलात का?

त्या बाईंचं नाव माहीत नाही, त्यांचा एक प्रश्न तेवढा माझ्याकडे राहिला.

बिबट्या फिरायला लागला तसे ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या लोकांनी वॉकीटॉकी घेतले, पण त्यांचे चॅनल जुळेनात. पलीकडच्या शेजाऱ्याशी बांधावरून माझा अबोला होता, तरी दोघं नाशिकला वॉकीटॉकीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंनी माझ्या सेटमधले चॅनल कॉम्प्युटरवर घेऊन त्याच्या सेटमध्ये उतरवले, ओढणीने सेट पुसला आणि तो देऊन शेजाऱ्याला रस्त्यापलीकडे पाठवलं.

"आता विचारा, जेवलात का."

"नुसतं हॅलो म्हणतो की."

"हॅलोला कोणीही हॅलो म्हणतं. याला नीट ऐकूनच उत्तर द्यावं लागतं."

मी बटण दाबून विचारलं. थोडी खरखर झाली, मग त्याचा आवाज आला, "नाय अजून. तू?"