घरातली दोन नावं

असे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. मंडळाची एक मीटिंग झाली की दोन आपोआप जमतात! जोहान्सबर्गहून परतताना वाटलं होतं, लोकशाही संस्था उभारायची तर आधी माणसं जमवावी लागतील. घरी, चंदनसारला आले तर माणसं जमलेलीच होती. प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं.

तिकडे मी शिकले ते हेच. आफ्रिकेतली सरकारं एकमेकांचा कारभार तपासतात. देश आधी स्वतःचे गुणदोष लिहितो, मग शेजारदेशांची माणसं येऊन लोकांशी बोलतात, शेवटी राष्ट्रप्रमुख समोरासमोर बसतात. आमचे सर म्हणायचे, "विचारणं सोपं. ऐकून खुर्चीत बसून राहणं अवघड."

म्हटलं, आमचं रहिवासी मंडळ आणि जवळच्या नंदाखाल गावचं ग्रामस्थ मंडळ असंच करून बघू. आमच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणजे माझे बाबा. लगेच तयार! "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

*

पहिली पायरी, स्वतःचे दोष लिहिणं. संध्याकाळभर चर्चा झाली. उपाध्यक्ष सावंतकाकांनी शेवटी एकच दोष लिहिला: "सभासद सहकार्य करत नाहीत."

*

मग आम्ही नंदाखालला गेलो. वाडीत शहाळी, केळी, गप्पा. निघताना बाबांनी जाहीर केलं, "उत्तम कारभार!"

"बाबा, आपण काही विचारलंच नाही."

"अगं, ज्यांच्याकडे खाल्लं त्यांना विचारतात का असं?"

*

पुढच्या रविवारी नंदाखालची मंडळी आमच्याकडे आली. सावंतकाकांनी चहा पुढे केला. फिलोमिना टीचर, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "चहा नंतर. इथे निवडणूक कधी झाली होती?"

"गरजच पडली नाही, टीचर. दर वेळी बिनविरोध!" सावंतकाका अभिमानाने म्हणाले.

टीचर थेट मागच्या रांगेत गेल्या. तिथे आई बसली होती. "तुम्हाला कधी उभं राहावंसं वाटलं नाही?"

"एकदा नाव दिलं होतं," आई म्हणाली. "घरातली दोन नावं बरी दिसत नाहीत, असं हे म्हणाले. मग मागे घेतलं."

मला हे माहीतच नव्हतं. सगळे बाबांकडे बघत होते. बाबा मान खाली घालून बसले. पण उठून गेले नाहीत.

*

यंदाच्या निवडणुकीला मी स्वतः उभी राहणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विचार सोडला.

"बाबा, अध्यक्षपदासाठी मी आईचं नाव सुचवतेय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "माझंही नाव असणार आहे."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "असू द्या की. या वेळी दोन नावं बरी दिसतील."