सावली आलेला फोटो

शेवटचं म्हणाल तर आम्ही दोघा नवराबायकोनं बसून हार ओवले. संध्याकाळची वेळ. ओट्यावर झेंडूचा ढीग, मधे पाण्याची बादली आणि बादलीला टेकवलेला तिचा फोन. फोनमधला माणूस फोटो कसे काढायचे त्याचं व्याख्यान देत होता. रोजचंच होतं ते. मखमलाबादच्या आमच्या वस्तीवर बाकीच्या बाया मालिका बघतात, हिला हे लागायचं. लेकीनं फोन घेऊन दिल्यापासनं वेडच लागलं होतं म्हणा.

तो म्हणाला, वस्तू नंतर बघा, आधी उजेड कुठून येतोय ते बघा.

मी म्हणालो, "हात चालव. उजेड काय फुलबाजारात किलोनं जातो का?"

"तुम्हाला नाय कळायचं. तुम्ही झेंडूकडं वजन म्हणूनच बघता."

"मग काय, सोयरा म्हणून बघू?"

ती हसली. सुई ओठात धरून हसली. मी ओरडलो, "अगं, गिळशील!" तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते.

सकाळी चहा ठेवायला उठली नाही. हात लावला तर गार. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तिला नसेल झाला.

आमच्यात दहाव्याला माणसाचा फोटो मांडतात आणि हार घालतात. उभा जन्म दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसांसाठी हार ओवले आम्ही. आता स्वतःच्या घरात हार होता आणि घालायला तोंड नव्हतं. आमच्या लग्नातला फोटो वाळवीनं खाल्ला. लेकीच्या लग्नात ती आहे, पण डोळे पुसत, तोंडावर पदर.

लेक दिंडोरीहून आली होती. म्हणाली, "आबा, आधार कार्डावरचा मोठा करून आणू."

त्या फोटोत ती चोरी करताना धरल्यासारखी दिसते. तिनंच एकदा बघून म्हटलं होतं, "ही बाई माझ्या दारात आली ना, तर मी आतनं कडी लावीन." तोच फोटो मांडायचा? मी नाही म्हणालो. तिच्या फोनात असेल की एखादा, रात्रंदिवस फोटोच काढत होती.

लेकीनं बोट कसं सरकवायचं ते दाखवलं आणि मी बसलो. फुलं. बादली. कांद्याची सालं, त्यातनं आरपार उजेड आलेला. माझी टाच, भेगांसकट. माझी पाठ. माझे दोरा ओढणारे हात. मी तोंड उघडं टाकून झोपलेला. मीच मी. तिचा एक नाही. जो फोटो काढतो तो फोटोत नसतो, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नाही.

मग मी ती व्याख्यानं लावली. म्हटलं, हा माणूस एवढं शिकवतो तर गेलेल्या माणसाचा फोटो कसा काढायचा तेही कुठं बोलला असेल. चौथी शिकलेल्या माणसाची अक्कल, दुसरं काय. तो कल्पकतेबद्दल बोलला, धीर धरण्याबद्दल बोलला. निम्मं डोक्यावरनं गेलं. एका ठिकाणी म्हणाला, नवीन शिकणाऱ्यानं ऊन पाठीवर घ्यावं, म्हणजे समोरचं स्वच्छ दिसतं. पण बाजूला सरका. तुमची सावली फोटोत आली की फोटो बाद.

मी परत फोटोंकडं गेलो. अगदी पहिल्या फोटोंपर्यंत, शिकत नव्हती तेव्हाच्या. आणि तिथं ती होती. सकाळचं ऊन, झेंडूचा वाफा आणि फुलांवर आडवी पडलेली तिची सावली. दोन्ही कोपरं बाहेर काढून फोन धरलेला, डोक्यावरचा पदर एका बाजूनं सुटलेला. असे पुष्कळ होते. पुढं पुढं सावली वाफ्याच्या कडेला गेली. मग नुसतं कोपर राहिलं. मग फुलं एकदम छान यायला लागली आणि ती दिसेनाशी झाली. शिकत गेली तशी फोटोतनं निघून गेली. त्या माणसाला शिव्या घातल्या मी. त्याचं काय चुकलं होतं?

एक फोटो घेऊन लेकीबरोबर शहरात स्टुडिओत गेलो. तिथला पोरगा चांगला होता. म्हणाला, "बाबा, फुलं मस्त आलीत. ही सावली काढून टाकू का? साफ होईल."

"सावली ठेव. काढायची तर फुलं काढ."

लेकीनं मला बाहेर बाकड्यावर नेऊन बसवलं.

दहावं गंगेवर, गोदावरीच्या घाटावर झालं. फोटो आधार कार्डावरचाच मांडला. लेक म्हणाली, "आबा, लोक सावलीला कसं नमस्कार करतील? कोण आहे तेच कळायचं नाही." खरं होतं तिचं. लोक आले, त्या घाबरलेल्या बाईच्या पाया पडून गेले. हार मीच ओवला होता. तिला तो मोठा झाला, खाली पाटावर लोळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेलो. ती उभी राहायची त्या वाफ्यात, ऊन पाठीवर घेऊन उभा राहिलो. फुलांवर सावली पडली. माझी, बोडक्या डोक्याची. तिचा फोन खिशात होता, तो काढला नाही. बरीच फुलं झाडावरच काळी पडली होती. वाकलो आणि ती तोडून बांधावर टाकायला लागलो.