लवचीक घराणं

रोशनीचा खांदा बसमध्ये निखळला, आणि तोही कुठल्या मोठ्या कारणानं नाही. तिनं वरच्या दांडीला हात घातला आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला, एवढंच. दुसऱ्या हातानं तिनं खांदा जागेवर बसवला, नारायणगुड्याला उतरली आणि विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांचे क्लेम टाईप करत बसली. एकतीस वर्षांची बाई, पण जिना चढून आली की शिपाईसुद्धा विचारायचा, "मॅडम, पानी लाऊं?"

खांदा हे त्यातल्या त्यात साधं दुखणं. सकाळी अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची, छाती धडधडायची, मग भिंत धरून मोरी गाठायची. दोन घास पोटात गेले की पोट फुगायचं. शेजारी कुणी अत्तर लावून बसलं की मानेवर चट्टे. एका माणसाला एवढी दुखणी असतात का, असं लोक विचारायचे, आणि उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असायचं. डॉक्टरांनी तर तिला आपसांत वाटूनच घेतलं होतं. हाडांच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, पोटाच्या डॉक्टरनं त्या बंद केल्या, हृदयवाला म्हणाला मीठ वाढवा. मीठ कसलं वाढवताय! वडिलांना, तातेरावांना, बीपी. ते रेल्वेतून रिटायर झाल्यापासून अख्ख्या घराची भाजी अळणी. शेवटच्या डॉक्टरनं रिपोर्ट बाजूला सारून तिलाच सांगितलं, "शादी कर लो अम्मा, सब ठीक हो जाता." रोशनीला रागही आला नाही. रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते.

या सगळ्यांनी खरं मानलं काय, न मानलं काय, तिला फरक पडत नव्हता. आईनं मानावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं.

आई, केसरबाई, लग्न होऊन काही वर्षांनी नांदेडकडून काचीगुड्याला आल्या आणि वस्तीतल्या तान्ह्या लेकरांना न्हाऊ-माखू घालू लागल्या. तेल लावायचं, हातपाय ओढून छातीवर आडवेतिडवे दुमडायचे, मग कढत पाणी. त्यांच्या हातचं लेकरू रात्रभर गाढ झोपतं अशी ख्याती होती. रोशनी तर त्यांची जाहिरातच. लहानपणी जयंतीच्या कार्यक्रमात तिनं दोन्ही पाय मानेमागे नेऊन दाखवले आणि विहारात टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा केसरबाई अख्ख्या गर्दीला सांगत होत्या, "माझ्या मालिशीचा गुण हाय!" आता अशा बाईपुढे सांधे दुखतात म्हणून रडायचं म्हणजे तिच्या हातांचाच अपमान.

त्यांच्याकडे उपायही एकच. "खुर्चीत बसून बसून अंग आंबलंय तुझं. कायकू डॉक्टर-डॉक्टर करती? ये, मोकळं करते." त्या रोशनीला पालथी पाडून हातपाय ओढायच्या. संध्याकाळी बरं वाटायचं. सकाळी केस विंचरताना खांदा पुन्हा हातात यायचा. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं मायलेकींपैकी एकीच्याही मनात कधी आलं नाही.

ऑफिसातल्या कुणीतरी कुकटपल्लीच्या डॉक्टर त्रिवेणींचं नाव दिलं. केसरबाई बरोबर गेल्या, त्या पोरगी धडधाकट आहे हे डॉक्टरला पटवून द्यायला. डॉक्टरबाईंनी आधी सगळं ऐकून घेतलं. रोशनीचे अंगठे, कोपरं, गुडघे वाकवून पाहिले, झोपवून नाडी मोजली, उभी करून पुन्हा मोजली. मग म्हणाल्या, सगळं शरीर बांधून ठेवणारा धागाच जन्मापासून ढिला आहे. अशा माणसांत चक्कर, पोट, चट्टे ही दुखणी बरेचदा सोबत येतात. का येतात ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही, पण हे नाटक नाही. मुळापासून जाणार नाही. हळूहळू व्यायामानं ताकद वाढवायची, आणि हातपाय ओढायचे मात्र अजिबात नाहीत.

नाटक नाही. हे ऐकून रोशनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चटकन आईकडे पाहिलं. आई भडकली होती.

"खींचना नक्को? इतने बच्चों को किए मैं, सब घोड़े जैसे दौड़ते!" केसरबाईंनी टेबलावरच हवेतल्या लेकराला मालिश करून दाखवली. डॉक्टरबाईंचं लक्ष मालिशीकडे नव्हतं. दाबताना केसरबाईंची बोटं पार मागं मनगटाकडे वळत होती, तिकडे त्या बघत होत्या.

"अम्मा, अंगूठा मोड़के दिखाओ."

साठी ओलांडलेला अंगठा विनातक्रार मागं मनगटाला टेकला. कोपरही उलटं वाकलं.

"खड़े हुए तो चक्कर आते?"

"आते," केसरबाई म्हणाल्या. "सबको आते ना?"

डॉक्टरबाईंनी मान हलवली. "नहीं अम्मा. सबको नहीं आते."

बाहेर आल्यावर केसरबाई दवाखान्याच्या बाकावर बसल्या. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"खुरपताना मी पडायची," त्या म्हणाल्या. "सासू सोंगाडी म्हणायची मला. मग मी पडायचंच सोडलं. खाली बसायची, जरा थांबायची, पुन्हा उठायची. इकडं आले तरी तेच. लेकरू मांडीवर घेऊन बसलं की कुणाला कळत न्हाई, म्हून मालिशीचं काम धरलं."

एवढी वर्षं रोशनीला जे हवं होतं, ते आता तिला मिळत होतं, आणि ते घ्यायला तिचा हात पुढे होत नव्हता.

"तू दुखतंय म्हणायचीस ना, ते मला खोटं वाटायचं न्हाई गं," केसरबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, एवढं तर समद्यांनाच दुखतं."

समोर रिक्षावाला "आते क्या?" म्हणून विचारत होता. दोघींपैकी कुणालाच उठवेना.