वाघिणीची राखण

माझी धाकटी बहीण जंगल खात्यात गार्ड झाली आणि आमच्या रिसालीच्या घरातला माझा भाव उतरला. मी थोरली. भिलाईतच एका शाळेत गणित शिकवते. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यापासून त्यांच्या बीपीच्या गोळ्या, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं मीच बघते. पण चौदा एप्रिलच्या जयंतीला हुडको वसाहतीच्या बुद्धविहारात शाल मिळाली ती धाकटीला. बाबा शेजारच्या काकांना सांगत होते, "माही पोरगी वाघाच्या इलाक्यात एकटी फिरते."

काकांनी विचारलं, "आन् मोठी?"

"ते हाय ना. घरीच असते."

मी बाजूलाच खुर्च्या उचलत होते.

उन्हाळ्याच्या सुटीत बाबांनी धाकटीच्या क्वार्टरवर जायचा हट्ट धरला. कवर्ध्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तिची ड्युटी. पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला निरोप आला, जवळच्या गावाबाहेर वाघिणीने गाय मारली. ती निघाली, बाबा तिच्यामागे, म्हणून मीही.

नाल्याच्या काठी गाय पडली होती. मालकीण, एक विधवा बाई, धाकटीला बघताच ओरडली, "बघवा तुँहर, गाय हमर!" वाघ तुमचा, गाय आमची. भोवतीच्या लोकांचेही चेहरे रागावलेले.

धाकटीने आवाज चढवला नाही. त्या बाईजवळ खाली बसून ती छत्तीसगढीत बोलायला लागली. "रानडुकरं तुझं धान उकरतात ना? वाघ गेला तर ती दुप्पट होतील. वाघाच्या भीतीने लाकूडचोर आत शिरत नाहीत. जंगल उभं आहे म्हणून भर उन्हाळ्यात या नाल्याला पाणी आहे."

"पाणी पिऊन पोरं जगतील? दूध कोण देईल?"

तिथे धाकटी अडली. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. मग ती म्हणाली, "दूध मी देऊ शकत नाही. भरपाईसाठी पंचनामा आजच करवते. पण गाईवर विषारी औषध टाकू नका, वाघीण परत खायला येईल. तिची दूध पिणारी पिल्लं आहेत. आई मेली तर तीही मरतील. गावची कुत्री, कोल्हे, गिधाडं, जो तोंड लावील तो मरेल."

बाई नुसतीच धाकटीकडे बघत राहिली. बाबाही बघत होते. शाळेत माझा पहिला नंबर आला होता तेव्हाही त्यांचे डोळे असे चमकले नव्हते.

फोनला रेंज नव्हती. साहेबांना कळवायला तिला टेकडीवर जावं लागणार होतं. बाबा उन्हाने थकून झाडाखाली डोळे मिटून पडले होते. ती माझ्याकडे वळली. "ताई, मी येईपर्यंत इथंच बैस. कोणाले जवळ येऊ देऊ नको."

"मले कावून सांगून राहिली? मी काय गार्ड आहे?"

"तुह्याशिवाय कोण हाय इथं?"

ती गेली. मी गाईपासून थोड्या अंतरावर दगडावर बसले. माशा घोंगावत होत्या, वास डोक्यात जात होता. थोड्या वेळाने त्या बाईचा दीर आला. हातात पुडी होती. विचारायची गरज नव्हती, शेतात मारायच्या औषधाचा वास मला इतक्या लांबून आला.

"बहनजी, हट जाइए."

मी उठून गाय आणि तो यांच्यामध्ये उभी राहिले. धाकटीसारखं भाषण येत नव्हतं. वर्गात म्हणते तेच तोंडातून निघालं, "पहले वो नीचे रखो."

तो पुढे आला. तेवढ्यात त्याची वहिनीच मागून म्हणाली, "जान दे." जाऊ दे. आणि पुडी त्याच्या हातातून घेऊन तिने कमरेला खोचली. जाताना मला विचारलं, "तैं कोन?"

"गार्ड की बहन," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

पंचनामा झाला, खात्याची माणसं राखणीला बसली, आम्ही परतलो. भिलाईला आल्यावर बाबांनी सगळ्या गल्लीला सांगितलं, लहानीने वाघीण वाचवली. झाडाखाली झोपलेला माणूस दुसरं काय सांगणार! मीही दुरुस्ती केली नाही, पण चहा देताना कप जरा जोरात आपटला.

पुढच्या आठवड्यात मी भाजी निवडत असताना धाकटीचा फोन आला. जंगलातल्या कॅमेऱ्यात वाघीण दिसली होती, मागे तीन पिल्लं. "ताई, पहिलं तुलेच सांगून राहिली. बाबाले अजून नाही सांगितलं."

बाबा बाहेर पेपर वाचत होते. मी भाजी निवडली, कणीक मळली, त्यांना जेवायला वाढलं. वाघिणीचं मात्र संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलले नाही.